साडेअठरा गुंठ्यांचे सात भाग

अब्बा रोज सकाळी साडेसहाला खडकवासल्याच्या चौपाटीवर फिरायला जातात. शनिवार-रविवारी कणीसवाले आणि भजीवाले गर्दी करतात, म्हणून त्या दोन दिवशी अर्धा तास आधी. येताना वर्तमानपत्र आणतात आणि पावसाळ्यात ते पहिल्यांदा उघडतात ती पाणीसाठ्याची चौकट. खडकवासला १.९७ टीएमसी, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१. एकूण २९.१५. ही बेरीज त्यांना पाठ आहे, तरी दर वर्षी एकदा करून बघतात. शेजारचं नववीतलं पोर दिसलं की त्याला थांबवून विचारतात, "चारही धरणांना मिळून नाव आपल्या खडकवासल्याचं. पण एकूण पाण्यात आपला वाटा किती टक्के?" पोर अंदाजाने पन्नास म्हणतं. उत्तर सात टक्क्यांच्याही आत येतं. मग पुढचा प्रश्न : धरणातून ११,५७४ क्युसेकने बरोबर एक दिवस पाणी सोडलं तर किती पाणी गेलं? ८६,४०० सेकंदांनी गुणा. जवळजवळ एक टीएमसी. पोर पळून गेलेलं असतं, पण अब्बा गुणाकार पूर्ण करतात.

त्यांनी पुण्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलात १९७३ ते २००८ अशी पस्तीस वर्षं गणित शिकवलं. आधी सायकल, मग पीएमटी, मग सेकंडहँड स्कूटर. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा शाळेने शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते घड्याळ रोज दोन मिनिटं मागे पडतं, आणि अब्बा ते दुरुस्त करत नाहीत, कारण चूक नियमित असेल तर ती चूक उपयोगाची असते, असं त्यांचं म्हणणं.

निवृत्त गणित शिक्षकाचं आयुष्य म्हणजे काय, असा प्रश्न मला परवा एकाने विचारला. त्याला वाटलं होतं मी शिकवण्या, नातवंडं, गुडघेदुखी असं काही सांगेन. मला मात्र त्या माणसाच्या आयुष्यातलं एकच गणित आठवलं. ते त्याने अठ्ठाविसाव्या वर्षी चुकीचं सोडवलं आणि त्रेसष्टाव्या वर्षी पुन्हा हातात घेतलं. त्याबद्दल लिहायला मी त्यांची परवानगी घेतली आहे. "नावं घालू नकोस, आकडे घाल," एवढीच अट.

आमचे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, १९७८ साली वारले. मागे दादी, दोन मुलगे, तीन मुली. तरका काय, तर एक कौलारू घर आणि धरणाच्या खालच्या अंगाला जमिनीचा एक तुकडा. सातबाऱ्यावर ० हेक्टर ३७ आर. बोलताना आम्ही सदतीस गुंठेच म्हणतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचा बांधही गेला, तेव्हा या तुकड्यावरची वरची माती वाहून गेली होती. अब्बा अकरा वर्षांचे होते. नंतर दादांनी बैलगाडीने माती आणून टाकली, आणि टोपल्या वाहणाऱ्यांत तिन्ही मुली होत्या. धाकटी चार वर्षांची, तीही एक वाडगं घेऊन. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता गणित. इस्लामी वारसाहक्कात आधी मय्यतीचा खर्च, मग कर्ज, मग मृत्युपत्र असेल तर तेही जास्तीत जास्त एक तृतीयांशाचं, आणि उरेल त्याची वाटणी. बायकोचं न दिलेलं मेहरही कर्जातच मोजायचं असतं. पण आपल्याकडे नवऱ्याचा जनाजा उठायच्या आत, रडणाऱ्या बाईच्या कानाशी कुणीतरी म्हणतं, "मेहर माफ केलं म्हण." ती म्हणते. त्या क्षणी बाई दुसरं काय म्हणणार? दादींनीही म्हटलं.

सूरह निसाच्या अकराव्या आणि बाराव्या आयतीत हिस्से दिलेले आहेत. मुलंबाळं असतील तर बायकोला एक अष्टमांश. उरलेल्यात मुलाला दोन वाटे, मुलीला एक. आमच्या घरात दोन मुलगे आणि तीन मुली, म्हणजे वाटे झाले सात. उरले होते सात अष्टमांश. सातांत सात वाटले : प्रत्येक मुलीला एक अष्टमांश, प्रत्येक मुलाला दोन अष्टमांश. आईलाही एक अष्टमांशच. दहावीच्या पेपरात असतं तसं गणित, आकडे मुद्दाम जुळवून आणल्यासारखे. पुढे दादी वारल्या की त्यांचा अष्टमांश पुन्हा त्याच सात वाट्यांत जायचा. म्हणजे शेवटी प्रत्येक मुलीचा हिस्सा एक सप्तमांश आणि प्रत्येक मुलाचा दोन सप्तमांश. करून बघा.

१९७९ साली वारस नोंद झाली. तिन्ही फुफूंची नावं सातबाऱ्यावर चढली आणि काही आठवड्यांतच हक्कसोडपत्र होऊन खाली आली. त्यांना स्वारगेटहून रिक्षाने कचेरीत आणलं अब्बांनी. अर्ज भरले अब्बांनी, कारण घरात सुवाच्य अक्षर मास्तरांचं. थोरल्या फुफूने सही केली, मधलीनेही. धाकटी तेव्हा बावीस वर्षांची, नवीन लग्न झालेली, तिने अंगठा दिला. संध्याकाळी तिघींना साड्या घेतल्या. १९९१ ला दादी गेल्या, त्यांचंही नाव कमी झालं, आणि जमीन दोन भावांत निम्मी-निम्मी. साडेअठरा आणि साडेअठरा.

"तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं का?" मी अब्बांना एकदा विचारलं.

"गणित मला तेव्हाही येत होतं," ते म्हणाले.

हे वाक्य मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वात अवघड वाटतं. आपण नेहमी म्हणतो की आपल्या समाजात अज्ञान आहे, तालीम नाही, म्हणून बायकांचे हक्क मारले जातात. असेलही. पण इथे कचेरीच्या बाकावर बसलेला माणूस अपूर्णांक शिकवायचा पगार घेत होता. शुक्रवारी नमाजला जात होता. आयतही त्याला ठाऊक होती. तरीही त्याने फॉर्म भरला, कारण सगळेच भरत होते. शेजारच्या बाकावर एक मराठा कुटुंब तेच करत होतं, त्यांच्या बहिणींच्या साड्या बहुधा आधीच घेऊन झाल्या होत्या. या एका बाबतीत आपला देश इतका एकजीव आहे की समान नागरी कायदा वेगळा आणायची गरजच पडू नये : हिंदू असो, मुसलमान असो, बहिणीचा वाटा शून्य.

आपल्या लोकांना हे टोचतं ते सांगतो. शाहबानो प्रकरणानंतर १९८५-८६ मध्ये शरियत वाचवायला गावोगावी मोर्चे निघाले, आमच्या चाचांनीही घोषणा दिल्या. शरियतीतला जो भाग पुरुषाला देणं लावतो, तो वाचवायला मात्र मी एकही मोर्चा पाहिला नाही. जुम्म्याच्या खुत्ब्यात टीव्ही, दाढी, फटाके, व्याज यांवर ऐकलं. मुलीचा हिस्सा न देणं म्हणजे दुसऱ्याचं धन खाणं, हे माझ्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मी फार तर दोनदा ऐकलं असेन. कुराणात नमाज पढायचा हुकूम पुन्हापुन्हा आहे, पण रकातींचा आकडा नाही. वारशाचे अपूर्णांक मात्र स्पष्ट दिले आहेत. अर्धा, पाव, अष्टमांश, दोन तृतीयांश, एक तृतीयांश, एक षष्ठांश. जिथे आकडाच दिला आहे, तिथेच आपण अंदाजे चालतो.

एक कायद्याची गोष्टही इथे सांगायला हवी, कारण ती फार थोड्यांना माहीत असते. १९३७ चा शरियत कायदा झाला तेव्हा त्यामागचं एक मोठं कारण असं दिलं गेलं होतं की रूढी मुसलमान बायकांना वाटा देत नाही, शरियत देते. चांगलं कारण. पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात शेतजमीन वगळली गेली. १९३५ च्या घटनाकायद्यात शेतजमीन हा प्रांतांचा विषय होता, असं त्याचं कायदेशीर कारण. परिणाम काय? ज्या देशात बहुतेकांची मालमत्ता म्हणजे शेत, तिथे बायकांना हक्क देणाऱ्या कायद्यातून शेतच बाहेर. आमच्याकडे तो प्रश्न आलाच नाही, कारण वारस नोंदीत नावं चढली होती. आमच्याकडे नावं काढली ती कायद्याने नाही, अब्बांनी.

आता २०१३. पुणे सिंहगड रोडने पसरत पसरत आमच्यापर्यंत आलं होतं. गाव महापालिकेत यायला अजून आठ वर्षं होती, ते २०२१ साली झालं, पण बिल्डरांना महापालिकेची वाट बघावी लागत नाही. साडेअठरा आणि साडेअठरा मिळून सदतीस गुंठे विकले. किंमत लिहीत नाही. ज्या जमिनीवर कधी धड ज्वारी आली नाही, तिला आलेली ती किंमत ऐकून अम्मीने आकडा दोनदा विचारला. मी तेव्हा बत्तीस वर्षांचा, नुकतं लग्न झालेलं, आणि धायरीच्या पुढे एका दोन बेडरूमच्या फ्लॅटचं बुकिंग करायच्या बेतात. मनातल्या मनात मी ते पैसे खर्चूनही टाकले होते.

पैसे जमा झाले त्या रात्री अब्बा जुनी फुलस्केप वही घेऊन बसले. घरात आम्ही दखनी बोलतो, इथे मराठीत लिहितो.

"आपल्याकडे आले त्याचे सात भाग करायचे," ते म्हणाले. "चार आपले, तीन तुझ्या फुफूंचे."

मला आधी कळलंच नाही. त्यांनी मांडून दाखवलं. सदतीस गुंठ्यांत माझा खरा वाटा दोन सप्तमांश, म्हणजे १०.५७ गुंठे. मिळाले साडेअठरा. जास्तीचे ७.९३. हे कुणाचे? तीन बहिणींचा एकूण वाटा १५.८६, त्यातला निम्मा माझ्याकडे, निम्मा तुझ्या चाचाकडे. माझ्याकडचा निम्मा मी देणार. साडेअठराचे सात भाग, त्यातले तीन.

मी म्हणालो, "अब्बा, त्यांनी हक्कसोड दिलीय. रजिस्टर्ड आहे."

"कागद बरोबर आहे. उत्तर चूक आहे."

त्यावर मी जे बोललो ते लिहिताना आज लाज वाटते. मी म्हणालो की फुफूंना त्याची गरज नाही, त्यांची मुलं कमावतात. आपण त्यांना ईदीला, लग्नकार्याला इतकी वर्षं दिलंच की. एवढे पैसे अचानक गेले तर त्यांच्या घरात भांडणं लागतील. प्रत्येक मुद्दा त्यांच्या भल्याचा होता आणि प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी पैसे माझ्याकडे राहत होते. अब्बा ऐकत राहिले. वर्गात एखादा पोरगा चुकीच्या रीतीने बरोबर उत्तराकडे जायला बघतो तेव्हा ऐकतात तसे. शेवटी एवढंच म्हणाले, "ईदी मी दिली. वाटा त्यांचा होता. दोन्ही एका रकान्यात लिहायचं नाही."

त्या रात्री मी जेवलो नाही. बायको म्हणाली, "तुमच्या अब्बांनी माझ्या भावांनाही एकदा शिकवायला हवं."

चाचांनी नकार दिला. ते वाईट माणूस नाहीत. आजारपणात धाकट्या फुफूच्या नवऱ्याला दवाखान्यात नेण्या-आणण्याचं सगळं त्यांनीच केलं होतं. पण त्यांचं म्हणणं साधं होतं : त्यांनी स्वखुशीने सोडलं, आता मागचं उकरायचं कशाला, आणि भाईजान, तुम्हाला पेन्शन आहे, मला नाही. हा शेवटचा मुद्दा मी सहज टाकून देणार नाही. अब्बांना दर महिन्याला पेन्शन येते म्हणून त्यांना तीन भाग उचलून देणं जमलं, हे खरंच आहे. कापरेकरांची गोष्ट अब्बाच सांगतात. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, देवळालीचे शाळामास्तर, १९३० पासून १९६२ पर्यंत शिकवलं. ६१७४ या आकड्यामुळे त्यांचं नाव जगभर गेलं. कुठलाही चार अंकी आकडा घ्या, सगळे अंक सारखे नकोत, उतरत्या क्रमाने लावून चढत्या क्रमाचा वजा करा, आणि हेच करत राहा. ३५२४ घेतला तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. तिथे आलात की हलत नाही. हा शोध लावणाऱ्या माणसाला निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना म्हणून शिकवण्या कराव्या लागल्या. आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्या शिक्षकांना तर जुनी पेन्शनच नाही, त्यासाठी मार्च २०२३ मध्ये संप झाला तेव्हा अब्बांनी वहीत आकडेमोड करून मला दाखवलं होतं की त्यांच्या जागी आज लागलेला मास्तर साठीत काय खाईल. म्हणजे प्रामाणिकपणालाही थोडी सोय लागते, हे मान्य. पण चाचांना जमिनीचे पैसे आलेच होते की. पेन्शनचा मुद्दा पैसे नसणाऱ्याने काढला असता तर मी गप्प बसलो असतो.

तिघी फुफूंची तीन वेगळी उत्तरं आली.

थोरली फुफू घाबरली. अब्बांपेक्षा ती चार वर्षांनी मोठी. "भय्या, माझं काही चुकलं का?" तिने विचारलं. आपल्याकडे हिस्सा घेतला की माहेर संपतं, हे तिच्या हाडात बसलेलं. ईदला भाऊ येणार नाही, मय्यतीला कफन माहेरचं येणार नाही, ही तिची भीती. जमीन सोडण्याच्या बदल्यात तिने माहेर विकत घेतलं होतं, असं म्हटलं तर कठोर वाटेल, पण हक्कसोडीमागचा खरा व्यवहार तोच असतो. भावाला तो शब्दांत कधी मांडावा लागत नाही, एवढंच. अब्बा तिच्याकडे चार वेळा गेले. चौथ्यांदा तिने पैसे घेतले आणि आम्हाला सगळ्यांना जेवायला बोलावलं, जणू काही आता माहेर टिकवायची जबाबदारी तिच्यावर आली.

मधली फुफू २००६ मध्ये वारली होती. तिचा वाटा तिच्या वारसांना. नवऱ्याला पाव, उरलेल्या तीन चतुर्थांशात मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक, म्हणजे मुलाला अर्धा आणि मुलीला पाव. फुफाजी म्हणाले, सगळं माझ्या खात्यावर टाका, मी बघतो. अब्बांनी मुलीचं, म्हणजे माझ्या फुफेबहिणीचं, खातं नंबर स्वतः तिच्याकडून घेतलं आणि बँकेत जाऊन तिचा पाव तिच्याच खात्यात भरला. ती नंतर आम्हाला म्हणाली की तिच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी न मागता पैसे टाकले.

धाकट्या फुफूने पैसे घेतले. नाही म्हणाली नाही, घाबरली नाही, रडली नाही. चहा केला. मग म्हणाली, "भाईजान, तेव्हा दिला असतात तर रेहानाची अम्मी होण्याआधी माझी पोरगी बारावी झाली असती." (नाव बदललंय, अब्बांची अट.) तिच्या मुलीला दहावीनंतर शाळेतून काढलं होतं. गणितात पासष्ट मार्क होते, हे अब्बांना माहीत होतं, कारण शिकवलं त्यांनीच होतं, दर रविवारी, फुकट. फी भरायची तेव्हा मात्र घरात पैसे नव्हते आणि ज्या जमिनीत फुफूचा वाटा होता त्या जमिनीच्या बांधावर अब्बा आणि चाचा आंब्याची कलमं लावत होते.

अब्बांकडे उत्तर नव्हतं. ते घरी येऊन बराच वेळ वही घेऊन बसले. एकोणऐंशी ते तेरा, चौतीस वर्षं. व्याज धरायचं नाही, ते हराम. मग उशिराचा हिशोब कसा करायचा? सोन्याच्या भावाने? तेव्हाच्या फीच्या पटीने? त्यांनी दोन-तीन रीती करून बघितल्या आणि पान फाडलं. मी त्यांना पान फाडताना पहिल्यांदा बघितलं. चुकलेलं गणितही ते एका रेघेने खोडतात, म्हणजे नंतर चूक कुठे झाली ते दिसतं.

उरलेल्या चार भागांचं काय केलं ते सांगतो, कारण काही वाचक इथे मला अडवणार हे मला माहीत आहे. ते विचारतील, पण मुलीला निम्माच का? प्रश्न योग्य आहे. हमीद दलवाईंनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं, तेव्हापासून समान हक्काची मागणी आपल्यातूनच होते आहे, आणि ती करणाऱ्यांना आपण काय काय म्हटलं तेही आठवतं. माझं मत असं : ज्या घरात बहिणीला शून्य मिळतं त्या घरात बसून निम्मा न्याय्य की पूर्ण न्याय्य यावर वाद घालणारे दोन्ही बाजूंचे पुरुष मला सारखेच आरामात दिसतात. आणि निम्म्याला छत समजायचीही गरज नाही. वारशाचे अपूर्णांक मेल्यानंतर लागू होतात. जिवंतपणी माणूस हिबा करू शकतो : देणाऱ्याने सांगावं, घेणाऱ्याने स्वीकारावं, आणि ताबा द्यावा, झालं. तिथे मुलगा-मुलगी दोन-एक असं बंधन नाही. उलट मुलांमध्ये देताना बरोबरी ठेवा अशी हदीस आहे. अब्बांनी तेच केलं. चार भागांतले दोन स्वतःकडे आणि अम्मीकडे, एक आपाला, एक मला. समान. मी ज्या सात भागांचं घर मनात बांधलं होतं त्यातला एक भाग हातात आला, एकेका फुफूला मिळाला तेवढाच. फ्लॅट दोन बेडरूमचा नाही, एकच झाला. कर्ज अजून सहा वर्षं आहे. मुलं मोठी होतायत, जागा पुरत नाही, आणि कधी कधी रात्री मला अजूनही राग येतो. हे लपवण्यात अर्थ नाही.

हे प्रकरण गावात कळल्यापासून अब्बांना निवृत्तीतला नवा धंदा लागला, बिनपैशाचा. लोक सातबारा घेऊन येतात. हिंदूही येतात, त्यांना २००५ च्या दुरुस्तीचं विचारायचं असतं, अब्बा त्यांना वकिलाकडे पाठवतात. मुसलमानांचे हिशोब स्वतः मांडतात. त्यांना यातला गणिती भाग फार आवडतो, हेही लिहायला हवं, नाहीतर ते उगाच संत वाटायला लागतील. नवव्या शतकात बगदादला अल-ख्वारिज्मीने ज्या पुस्तकातून अल-जब्र हा शब्द जगाला दिला, त्याचा मोठा भाग वारशाच्या उदाहरणांचा आहे, हे ते प्रत्येकाला सांगतात. भास्कराचार्यांची लीलावती १५८७ साली फैजीने अकबरासाठी फारसीत नेली हेही त्याच दमात.

एकदा सिंहगडाच्या पायथ्याकडून एक कुटुंब आलं. मय्यत पुरुष, मागे बायको, दोन मुली, आई आणि वडील. बायकोला एक अष्टमांश, मुलींना मिळून दोन तृतीयांश, आईला एक षष्ठांश, वडिलांना एक षष्ठांश. बेरीज करा : चोविसाव्यांत तीन, सोळा, चार, चार. सत्तावीस! एकापेक्षा जास्त. आलेला माणूस गोंधळला, त्याला वाटलं मास्तर चुकले. अब्बांचा चेहरा मात्र दिवाळी-ईद एकत्र आल्यासारखा. हे चौदाशे वर्षांपूर्वीचं प्रसिद्ध कोडं. हजरत अलींना मिंबरवर असताना हाच प्रश्न विचारला गेला आणि त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं की बायकोचा आठवा नववा झाला, अशी रिवायत आहे. छेद चोवीसचा सत्तावीस करायचा, म्हणजे प्रत्येकाचं थोडं थोडं कमी होतं, कुणाचंच शून्य होत नाही. याला अवल म्हणतात. अब्बांनी त्या माणसाला तीन वेळा समजावलं. तिसऱ्यांदा तो समजला की समजल्यासारखं दाखवलं, ते सांगता येत नाही.

चाचांचे साडेअठरा गुंठे अजून तसेच आहेत. पैसे म्हणजे. दोन्ही भाऊ ईदला गळ्यात गळा घालतात, एकमेकांच्या घरी शीरखुर्मा जातो. अब्बा विषय काढत नाहीत. वहीच्या शेवटच्या पानावर मात्र एक ओळ आहे, मी बघितली आहे : "बाकी — ७.९३". चाचांच्या नावाशिवाय.

गेल्या महिन्यात चौपाटीवरून येताना एकजण अब्बांच्या मागे मागे घरी आला. वडील वारलेत, जमीन रस्त्यात जातेय, पैसे मिळणार, वाटणी काढून द्या म्हणाला. अब्बांनी चष्मा लावला, वही उघडली.

"आई आहे?"

"नाही, आधीच वारल्या."

"मुलं किती?"

"आम्ही तिघं भाऊ."

"बहिणी?"

"आहेत की चार. पण त्या आपापल्या घरी सुखात आहेत, सर. त्यांचं काही म्हणणं नाही."

अब्बांनी पेनाला टोपण लावलं आणि वही मिटली. "चौघींची नावं लिहून आण," ते म्हणाले. "वाटे दहा होतात. तीनचं गणित घेऊन मी बसत नाही."

तो गेला. अजून आलेला नाही.